हक्क कोणाचा, हे आधी कळू द्या

वाचकांचे प्रश्न : कॉपीराइट कायदा आणि डिजिटल काळ

डिजिटल काळासाठी कॉपीराइटचा कायदा बदलावा का, असे या सदरातून गेल्या महिन्यात विचारले होते. आलेल्या पत्रांत मतांपेक्षा अडचणीच अधिक होत्या. त्यांतील काही येथे घेतल्या आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत. मूळ कायदा १९५७ चा, तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला आणि इंटरनेटचा विचार करणारी मोठी दुरुस्ती २०१२ साली झाली. माझे मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढील उत्तरे त्या संदर्भात वाचता येतील. शिक्षा कडक करण्यापूर्वी आणि नवे निर्बंध आणण्यापूर्वी, एखाद्या कृतीचा, म्हणजे लेखन, गाणे, चित्र अशा निर्मितीचा, हक्क आज कोणाकडे आहे हे सामान्य वाचकाला, वाचनालयाला आणि प्रकाशकाला शोधता येईल अशी व्यवस्था कायद्याने उभी केली पाहिजे. मराठीच्या बाबतीत तर बाकीच्या सुधारणा याच एका गोष्टीवर अडलेल्या आहेत.

प्रश्न : गिरगावातील आमच्या वाचनालयात १९५० ते १९८० या काळातील दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत. पान उलटताना कागदाचे तुकडे पडतात. आम्ही काही कार्यकर्ते हे अंक स्कॅन करून संकेतस्थळावर सर्वांसाठी मोफत ठेवू इच्छितो. बहुतेक मासिके बंद पडली आहेत, लेखकांचे पत्ते नाहीत. आमचे हे काम बेकायदा ठरेल का?

उत्तर : आपल्या प्रश्नातील दोन कामे वेगवेगळी पाहावी लागतील. स्कॅन करणे हे पहिले काम. त्याला कायद्याची परवानगी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अशी तरतूद आली की, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाकडे एखाद्या कृतीची छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत करून ठेवता येते. तेव्हा स्कॅनिंगचे काम उद्यावर ढकलू नये. कागद कायद्यातील सुधारणेची वाट पाहणार नाही.

संकेतस्थळावर ठेवणे हे दुसरे काम, आणि खरी अडचण तेथे आहे. कृती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क लेखकाचा किंवा त्याच्याकडून तो हक्क घेणाऱ्याचा असतो, आणि आपण त्यातून एक पैसाही मिळवत नसलात तरी त्याने फरक पडत नाही. शिवाय दिवाळी अंक ही कायद्याच्या दृष्टीने एक वस्तू नाही. आपल्या गठ्ठ्यातील कोणताही अंक उघडून अनुक्रमणिका पाहा : मुखपृष्ठ एका चित्रकाराचे, आत आठ-दहा कथा, तितक्याच कविता, एखादे प्रवासवर्णन, पानोपानी व्यंगचित्रे, कुठे अनुवादित कथा, म्हणजे तिच्यात मूळ लेखकही आला. यातील प्रत्येकाचा हक्क स्वतंत्र आहे आणि प्रत्येकाची मुदत वेगळ्या वर्षी संपते.

आपल्याकडे लेखकाच्या हयातीत, आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत होती आणि त्याच सुमारास ती १० वर्षांनी वाढवण्यात आली. या हिशेबाने १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ पासून, आणि १९५६ साली गेलेल्या बा. सी. मर्ढेकरांचे लेखन २०१७ पासून सर्वांना खुले झाले आहे. आचार्य अत्रे आणि अण्णाभाऊ साठे हे दोघेही १९६९ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०३० रोजी खुले होईल. टोपणनावाने आलेल्या आणि खरा लेखक कधीच उघड न झालेल्या मजकुराची ६० वर्षे मात्र प्रसिद्धीपासून मोजतात, म्हणजे १९६४ पर्यंतच्या अंकांतील असा मजकूर आजच खुला आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका वहीत उतरवून समोर लेखकाचे मृत्युवर्ष लिहायला घेतले, तर यादीचा बराच भाग पहिल्या फेरीतच निकाली निघेल.

उरलेल्या भागासाठी पुष्कळांना असे वाटते की मासिकाचे जुने संपादक किंवा त्यांचे वारस सापडले की परवानगी मिळाली. तसे नाही. दिवाळी अंकासाठी लेखन मागवताना संपादकाचे पत्र जात असे, लेखक कथा पाठवत असे, अंक निघाल्यावर मानधन येत असे. यात हक्क देण्याचा लेखी करार कुठेच नव्हता, आणि लेखी करारावाचून कॉपीराइट दुसऱ्याकडे जात नाही. मासिकाला मिळाली ती त्या अंकापुरती छापण्याची परवानगी. पगारी संपादकीय कर्मचाऱ्यांचे लेखन सोडले, तर बाकी सगळ्याचा हक्क लेखकांकडेच राहिला. लेखकाच्या बाजूने हे चांगलेच आहे. अडचण एवढीच की, १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या या परंपरेतील विसाव्या शतकाचा मोठा ठेवा अशा हजारो सुट्या हक्कांत विखुरलेला आहे आणि त्यांची नोंद कोणाकडेही नाही.

माझ्या संग्रहात साठच्या दशकातला एक कथासंग्रह आहे. शीर्षकपानाच्या मागे ‘सर्व हक्क लेखिकेच्या स्वाधीन’ असे छापले आहे आणि खाली पत्ता आहे : गिरगावातील एका चाळीचे नाव, दुसरा मजला, मुंबई ४. चाळीच्या जागी आज उंच इमारत उभी आहे. प्रकाशनसंस्था बंद झाली, लेखिकेचे पुढे काय झाले हे शेजारपाजारच्यांनाही सांगता आले नाही. ती हयात असेल तर हक्क तिचा आहे. नसेल तर तिच्या वारसांचा. पुस्तक पुन्हा छापायला कोणी तयार झाला तर त्याने हो म्हणवून घ्यायचे कोणाकडून?

कायद्यात यावर उपाय नाही असे नाही. कलम ३१ क प्रमाणे लेखक मृत किंवा अज्ञात असेल, किंवा हक्कदार सापडत नसेल, तर कृती प्रसिद्ध करण्याचा परवाना मागता येतो. पण रीत पाहा. आधी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, मग अर्ज करायचा. पूर्वी असे अर्ज कॉपीराइट मंडळाकडे जात, २०१७ नंतर बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे, आणि २०२१ मध्ये तेही मंडळ बरखास्त झाल्यावर आता वाणिज्यिक न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाच्या वाणिज्यिक विभागाकडे जावे लागते. एका पुस्तकासाठी हा खटाटोप एखादा मोठा प्रकाशक करील. चारशे दिवाळी अंकांतील प्रत्येक कथेसाठी तो करणे कोणत्याही वाचनालयाला शक्य नाही. शिवाय गिरगावच्या लेखिकेची नात इंग्रजी दैनिकातली ती जाहिरात वाचेल, हे गृहीत धरणेच मला पटत नाही.

युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात वेगळा मार्ग घेतला आहे. बाजारात उपलब्ध नसलेल्या कृती वाचनालयांना आणि संग्रहालयांना आपल्या संकेतस्थळावर ठेवता येतात. मात्र त्यापूर्वी सहा महिने त्या कृतीची नोंद एका सामायिक जाहीर यादीत करावी लागते, आणि हक्कदार केव्हाही पुढे येऊन आपली कृती बाहेर काढू शकतो. आपल्याकडे हेच व्हावे असे माझे मत आहे. मराठी पुस्तकांची आणि नियतकालिकांची अशी खुली यादी मराठीतच असावी, राज्य मराठी विकास संस्थेसारख्या संस्थेने ती सांभाळावी, आणि जाहिरात द्यायचीच असेल तर ती मराठी दैनिकात द्यावी. नोंदणी केली नाही म्हणून कोणाचा हक्क जाणार नाही. ते कॉपीराइटविषयीच्या १८८६ पासूनच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराशी विसंगत होईल. पण विचारणा करायची कोठे, हे तरी ठरेल. तोवर आपण स्कॅन केलेले अंक वाचनालयातच ठेवावेत आणि मुदत संपलेला मजकूर तेवढा संकेतस्थळावर द्यावा.

प्रश्न : माझा कथासंग्रह १९९८ साली प्रसिद्ध झाला. करारनाम्यात ‘पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्याचे सर्व हक्क प्रकाशकास दिले आहेत’ एवढेच वाक्य आहे. मुदत लिहिलेली नाही. दोन आवृत्त्या संपल्यावर पुस्तक पुन्हा निघाले नाही. आता एका ॲपवर त्यातील कथा कोणी वाचून दाखवलेल्या मला ऐकायला मिळाल्या. प्रकाशकांकडे चौकशी केली तेव्हा ‘ताई, सगळे हक्क आमच्याकडेच आहेत’ असे उत्तर मिळाले. हे खरे आहे का? (विलेपार्ले)

उत्तर : आपण लिहिले आहे तेवढ्यावरून, नाही. १९९४ च्या दुरुस्तीने लेखकाच्या बाजूच्या काही महत्त्वाच्या तरतुदी आल्या, आणि १० मे १९९५ नंतर केलेल्या करारांना त्या लागू होतात. आपला करार त्यानंतरचा आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिला असे कायदा मानतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. आपल्या प्रकाशकांकडील हक्क याप्रमाणे २००३ मध्येच संपला. शिवाय ‘पुस्तकरूपाने’ हा शब्द ध्वनिमुद्रणाला ओढूनताणूनही लागू करता येत नाही. वकिलामार्फत नोटीस पाठवताना या दोन्ही गोष्टी लिहाव्यात, ॲप चालवणाऱ्या कंपनीलाही प्रत द्यावी, आणि २००३ पासूनच्या सर्व उत्पन्नाचा हिशेब मागावा.

ज्या वाचकांचे करार नवे आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावे की, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, कराराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते करारात नाव घेऊन नमूद केल्याशिवाय त्याचा हक्क जात नाही. त्याच दुरुस्तीने चित्रपटगीतांचे गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) वाटा असा दिला की तो लिहून देऊनही सोडता येत नाही. यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी केलेला आग्रह सर्वांना आठवत असेल. कथा-कादंबरीच्या लेखकाला असे संरक्षण आजही नाही. चित्रपटासाठी गाणे लिहिणाऱ्याला जो न्याय मिळाला तो पुस्तक लिहिणाऱ्याला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही चर्चेत मिळालेले नाही.

सुधारणा आणखी एका ठिकाणी हवी. हक्क घेतलेल्या प्रकाशकाने वर्षभरात तो वापरला नाही तर तो आपोआप लेखकाकडे परततो, असे आपल्या कलम १९ मध्ये आहे. पण ‘करारात अन्यथा नमूद नसल्यास’ हे शब्द तेथेच आहेत, आणि छापील नमुन्याच्या करारात ते ‘अन्यथा’ एका ओळीत नमूद केलेले असते. लेखक सही करतो, कारण पहिले पुस्तक निघण्याचा आनंद मोठा असतो. अमेरिकेच्या कायद्यात ३५ वर्षांनंतर करार रद्द करून हक्क परत घेण्याची मुभा लेखकाला आहे आणि ती करारातील कोणत्याही अटीने हिरावता येत नाही. आपल्याकडे ३५ वर्षे फार होतात. पुस्तक सलग पाच वर्षे कोणत्याही रूपात विक्रीस नसेल तर हक्क लेखकाकडे परत जावा आणि त्याविरुद्धची अट निरर्थक ठरावी, एवढी एक ओळ कायद्यात आली तर मराठीतील कित्येक दुर्मीळ पुस्तके त्यांच्या लेखकांच्या हयातीतच पुन्हा वाचायला मिळतील.

प्रश्न : लालबागमधील आमच्या भजनी मंडळाने तुकोबांचा एक अभंग मंडळाच्याच गायकांकडून गाऊन घेतला आणि त्याची चित्रफीत यूट्यूबवर टाकली. दोन दिवसांत एका कंपनीचा कॉपीराइटचा दावा आला आणि जाहिरातींचे उत्पन्न त्यांच्याकडे वळले. तुकोबांच्या अभंगावर कोणा कंपनीचा हक्क कसा असू शकतो?

उत्तर : अभंगावर तो नाही, आणि असूही शकत नाही. पण गायलेल्या अभंगात तीन वेगळे हक्क असू शकतात, ते आधी तपासावे लागतील. शब्द सतराव्या शतकातले, ते सर्वांचे. चाल पारंपरिक असेल तर तीही सर्वांची. पण ती एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल, आणि आपण रेकॉर्डवर ऐकून ती उचलली असेल, तर तिच्यावर त्या संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क आहे. तिसरा हक्क ध्वनिमुद्रणाचा. तो मुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे निर्मात्याकडे असतो. आपल्या मंडळाचे गायक स्वतः गायले आहेत, म्हणून तिसऱ्याचा प्रश्न येत नाही. मागे वाजणारा पखवाज आणि टाळ मात्र तयार ट्रॅकवरून घेतला आहे का, हे एकदा विचारून घ्या. असे दावे पुष्कळदा तेथूनच येतात.

चाल पारंपरिक असेल आणि वादनही आपलेच असेल, तर यूट्यूबवर दाव्याला हरकत घ्यावी. हरकत घेतल्यावर दावेदाराला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, नाहीतर दावा सुटतो. हे दावे बहुतेक वेळा संगणकप्रणाली ध्वनी जुळवून आपोआप करते, त्यामागे कोणत्याही न्यायालयाचा निर्णय नसतो, त्यामुळे घाबरून चित्रफीत काढून टाकू नये. आपल्या कायद्याची रीत यापेक्षा न्याय्य आहे. लेखी तक्रार आल्यावर इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या मध्यस्थ संकेतस्थळाने मजकूर २१ दिवस बंद ठेवायचा, आणि तेवढ्या काळात तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. पण कंपन्यांच्या खासगी प्रणालीने ही कायदेशीर वाट जवळजवळ निकामी केली आहे, कारण कायद्यापर्यंत जाण्याआधीच उत्पन्न वळलेले असते.

विनाकारण कॉपीराइटची धमकी देणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याची तरतूद कलम ६० मध्ये १९५७ पासून आहे. धमकी पत्रकातून दिली, जाहिरातीतून दिली किंवा अन्य मार्गाने दिली तरी ती लागू होते. संगणकाने आपोआप केलेला खोटा दावाही त्यात धरला जाईल असे स्पष्ट शब्दांत लिहिणे आवश्यक आहे. त्याबरोबर दावेदाराने आपला हक्क नेमका कशावर आहे, शब्दांवर, चालीवर की मुद्रणावर, हे सांगितल्याशिवाय दावा स्वीकारू नये, आणि वाद मिटेपर्यंतचे उत्पन्न कोणाकडेच न जाता राखून ठेवावे. वारकरी परंपरेचे शब्द शतकानुशतके ज्यांनी कंठात सांभाळले, त्यांनाच ते गाण्यासाठी खुलासे द्यावे लागावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : आम्ही दादरचे छोटे प्रकाशक आहोत. नवे पुस्तक आले की आठवड्याभरात त्याची पीडीएफ व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर फिरते. शिक्षा का वाढवत नाहीत?

उत्तर : आपला संताप रास्त आहे. पण शिक्षा आजही कमी नाही : सहा महिने ते तीन वर्षे तुरुंगवास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिक्षिकेच्या दाव्यात, अभ्यासाचे साहित्य विनापरवाना पसरवणाऱ्या वाहिन्या चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश टेलिग्रामला दिला. कमतरता आहे ती स्वस्त आणि लवकर मिळणाऱ्या दिवाणी उपायाची. ३०० रुपयांच्या पुस्तकासाठी कोणता प्रकाशक उच्च न्यायालयात जाईल? अमेरिकेत जून २०२२ पासून छोट्या दाव्यांसाठी वेगळे मंडळ आहे, तेथे वकिलाशिवाय दावा मांडता येतो आणि भरपाईची मर्यादा ३० हजार डॉलर आहे. असे एक मंडळ मुंबईत असावे, आणि त्याचे काम मराठीतून चालावे.

एक विनंतीही करतो. आपली पुस्तके ई-पुस्तक म्हणून योग्य किमतीत मिळतात का, हे पाहावे. परगावी राहणाऱ्या वाचकाला पैसे देऊन पुस्तक मिळण्याची सोयच नसेल, तर चोरीची प्रत त्याला सहज गाठते.

प्रश्न : शाळेच्या ऑनलाइन तासाला कविता पडद्यावर दाखवली तर चालते का? (शिक्षिका, मुलुंड)

उत्तर : चालते. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कृतीची प्रत करण्यास कलम ५२ ची मुभा आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिचा अर्थ बराच व्यापक लावला. तासाचे मुद्रण मात्र यूट्यूबवर सर्वांसाठी खुले करू नये. ते वर्गापुरते ठेवावे. ऑनलाइन शिक्षणाचा उल्लेख या कलमात नावानिशी यायला हवा, म्हणजे शिक्षकांच्या मनातील भीती जाईल.

प्रश्न : मी वीस वर्षे वृत्तपत्रांत आणि मासिकांत लिहितो आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी आमचे लेखन न विचारता वापरले असेल, तर कायदा काय म्हणतो? (फोर्ट)

उत्तर : कायदा यावर थेट काहीच म्हणत नाही, कारण २०१२ साली हा प्रश्नच नव्हता. संशोधनासाठीच्या वाजवी वापराचे अपवाद आपल्याकडे आहेत, पण ते व्यक्तीच्या अभ्यासासाठी रचलेले आहेत. कोट्यवधी पाने यंत्राला पुरवणे त्यात बसते का, हा वाद आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने ‘चॅटजीपीटी’ बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो याच मुद्द्यावर. इतर देशांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. जपानने २०१८ च्या दुरुस्तीने आणि सिंगापूरने २०२१ च्या कायद्याने असा वापर बराच मोकळा केला. युरोपीय संघाने २०१९ मध्ये तो मोकळा करताना हक्कदाराला नकार नोंदवण्याची सोय ठेवली.

आपल्याकडे केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने नेमलेल्या समितीचे चर्चापत्र डिसेंबर २०२५ मध्ये आले. कायदेशीर मार्गाने मिळवलेला मजकूर वापरण्याचा सरसकट परवाना कंपन्यांना मिळावा, लेखकाला नकार देता येऊ नये, पण कंपन्यांच्या उत्पन्नातून स्वामित्वधन गोळा करून ते एका केंद्रीय संस्थेमार्फत हक्कदारांना वाटावे, असा तिचा प्रस्ताव आहे. मोबदला मिळालाच पाहिजे हे तत्त्व मला मान्य आहे. नकाराचा हक्क काढून घेणे मान्य नाही : आपली कविता यंत्राला देऊ नये असे एखाद्या कवीला वाटत असेल, तर त्याच्या इच्छेला कायद्यात जागा असली पाहिजे.

त्याहून मोठी शंका वाटपाची आहे. संगीतात गीतकार-संगीतकारांची संस्था मुंबईतच १९६९ पासून आहे. तिचे सदस्य कोण, कोणती गाणी कोणाची, याची नोंद तिच्याकडे आहे, म्हणून पैसे कोणाला द्यायचे हे ठरवता येते. माझ्या ओळखीतील मराठी कथाकार, कवी आणि अनुवादक यांच्यापैकी साहित्याच्या अशा कोणत्याही कॉपीराइट संस्थेचा सदस्य झालेला एकही नाही. मग मराठी मजकुराच्या वापराचे पैसे जमा झाले तर ते ज्यांच्या नावांची यादी तयार आहे अशा मोठ्या माध्यमसमूहांना मिळतील, आणि तुमच्यासारख्या मुक्त लेखकाचा वाटा पडून राहील. या चर्चेत आपल्या साहित्यसंस्थांनी उतरावे आणि केवळ निषेधाचे ठराव न करता सदस्यांच्या लेखनाच्या याद्या करायला घ्याव्यात. तुम्ही स्वतः आज एवढे करू शकता : आपल्या प्रसिद्ध लेखांची तारखेनिशी सूची करा, आणि ज्या संपादकांशी लेखी करार झाला असेल त्या करारांच्या प्रती एकत्र ठेवा. कराराविना दिलेले लेखन तुमचेच आहे.

प्रश्न : कॉपीराइटची नोंदणी केली नाही तर हक्क मिळत नाही, असे एका एजंटाने सांगितले आणि मोठी रक्कम मागितली. खरे काय?

उत्तर : कृती लिहून झाली की हक्क निर्माण होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. ती केली तर वादाच्या वेळी प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते. साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. एजंटाची गरज नाही.

प्रश्न : माझे वय ७९. चार पुस्तके प्रसिद्ध आहेत, एक हस्तलिखित कपाटात आहे. मुले परदेशी असतात, त्यांना मराठी वाचनाची आवड नाही. माझ्यामागे या पुस्तकांचे काय करावे? (डोंबिवली)

उत्तर : आपल्यासारखे पत्र आणखी लेखकांकडून यावे अशी माझी इच्छा आहे. कॉपीराइट ही मालमत्ता आहे आणि ती मृत्युपत्राने देता येते. मृत्युपत्रात तिचा वेगळा उल्लेख करा, पुस्तकांची नावे लिहा, आणि शक्यतो एकाच व्यक्तीला किंवा संस्थेला सर्व हक्क द्या. चार वारसांत हक्क विभागला गेला की प्रत्येक परवानगीसाठी चौघांच्या सह्या लागतात. हस्तलिखिताबाबत कलम २० लक्षात ठेवा : मृत्युपत्राने अप्रकाशित हस्तलिखित ज्याला दिले, त्याच्याकडे त्याचा कॉपीराइटही जातो, तसे नको असेल तर स्पष्ट लिहावे लागते. ते वाचनालयाला नुसते जतनासाठी द्यायचे असेल, तर हा फरक महत्त्वाचा आहे.

पुस्तके सर्वांसाठी खुली व्हावीत असे वाटत असेल, तर आपल्या हयातीतच कलम २१ प्रमाणे कॉपीराइट निबंधकांना विहित नमुन्यात सूचना देऊन सर्व किंवा काही हक्क सोडता येतात. ती सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते आणि नंतर कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर किमान तीन वर्षे राहते. त्याआधी चारही पुस्तकांचे करारनामे काढून पाहा. जे हक्क प्रकाशकांकडे अजून आहेत ते आपल्याला सोडता येणार नाहीत. करारांच्या प्रती सापडत नसतील तर प्रकाशकांना पत्र लिहून मागवा, आणि पत्राची पोच जपून ठेवा.